चमचा तडकला तो गाभ्यामुळे आणि उन्हामुळे

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडच्या एका ताईंच्या सोसायटीत मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात आंब्याची मोठी फांदी पडली. त्यांनी तिचा हातभर तुकडा घरी आणला, चार संध्याकाळी बसून भाजीच्या सुरीने चमचा कोरला आणि गच्चीवर उन्हात वाळत ठेवला. तिसऱ्या दिवशी तो वाटीपासून दांड्यापर्यंत उभा तडकला. लाकूड चुकलं, चाकू चुकला की हात चुकला, असं त्या विचारतात. शिवाय चाकू कोणता घ्यावा, तेल कोणतं लावावं आणि अकरा वर्षांच्या मुलाला सोबत बसवावं का, हेही विचारलंय.

ताई, हात अजिबात चुकलेला नाही. भाजीच्या सुरीने चार संध्याकाळी ज्याने आंबा कोरला त्याच्या हाताला नावं ठेवायची माझी तरी हिंमत नाही. चाकू चुकलाय, पण चमचा त्याने तडकलेला नाही. तुमचा चमचा तडकला तो फांदीचा मधला गाभा त्यात राहिला म्हणून, आणि वर मे महिन्याचं पुण्याचं ऊन दाखवलंत म्हणून. गाभा राहिलाय हे मी न बघता सांगतोय, कारण पहिल्या चमच्यात तो सगळ्यांचाच राहतो. माझाही राहिला होता, आणि मला तर लाज वाटायला हवी होती, कारण तोवर लाकूडकामात माझी वीस वर्षं गेली होती.

मी भोसरीच्या एका फाउंड्रीत पॅटर्न मेकर होतो. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: पंपाची बॉडी किंवा गिअरबॉक्सचं कव्हर बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ओतायचं तर आधी त्याची हुबेहूब लाकडी प्रतिकृती करतात, तिच्याभोवती वाळू ठोकतात, प्रतिकृती काढून घेतात आणि उरलेल्या पोकळीत रस ओततात. बीड थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी आमच्याकडे आकसपट्टी असायची, तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठा. एका नव्या पोराने तीच पट्टी घरी नेऊन कपाटाचं माप घेतलं होतं आणि कपाट कोनाड्यात बसेना. असो. सांगायचं एवढंच की आकसणं हा माझ्या पोटापाण्याचा विषय. पण बीड सगळीकडून सारखं आकसतं, लाकूड तसं आकसत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

लाकूड लांबीत जवळजवळ आकसतच नाही. गाभ्याकडून सालीकडे, म्हणजे चाकाच्या आऱ्यांच्या दिशेने, थोडं आकसतं. आणि वलयांच्या दिशेने, म्हणजे चाकाच्या धावेसारखं गोल गोल, त्याच्या साधारण दुप्पट आकसतं. आता अख्खी गोल फांदी डोळ्यांसमोर आणा. बाहेरचा कंबरपट्टा आवळत चाललाय, पण पोट त्या मानाने आत जायला तयार नाही. पट्टा कुठेतरी तुटणारच. ती उभी चीर म्हणजे तो तुटलेला पट्टा. गाभा मध्ये ठेवून केलेल्या कुठल्याही वस्तूचं हेच होतं, ती चमचा असो की देवळाचा खांब. फांदी मधोमध फाडून दोन फाका केल्या, गाभ्याच्या दोन्ही बाजूंचं बोटभर लाकूड काढून टाकलं, की पट्टा आधीच तुटलेला असतो आणि लाकडाला आकसायला मोकळीक मिळते. फाक थोडी वाकडी होईल, पण तडकायची नाही.

दुसरी गोष्ट उन्हाची. ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतलं पाणी गेलं तर लाकूड हलकं होतं, आकसत नाही. ओल सुक्या वजनाच्या तीसएक टक्क्यांच्या खाली आली की भिंतीतलं पाणी जायला लागतं आणि तिथून आकसणं सुरू होतं. मेच्या उन्हात गच्चीवर वरचा पापुद्रा दुपारपर्यंतच त्या रेषेखाली गेला आणि आतला भाग अजून चिंब. बाहेरचा आकसतोय, आतला हलत नाही. त्यात तुमच्या चमच्याची वाटी पातळ, मान जाड. शिवाय कापलेल्या टोकातून पाणी बाजूच्या मानाने दहापट वेगाने निघून जातं, म्हणून चीर नेहमी टोकाकडून आत धावते.

मग ओलं लाकूड घ्यावंच का? घ्यावं, नक्की घ्यावं. चाकूने कोरायचं असेल तर ओल्यासारखं सुख नाही. वाळलेला आंबा आणि ताजा आंबा यांत सुकं खोबरं आणि शहाळ्यातली मलई यांच्याइतका फरक असतो. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधली वाळलेली फळी रंधा-करवतीच्या कामाची, चाकूच्या नाही. तुमची खरेदी बरोबर होती, फुकटची असली तरी.

लाकूड कुठलं, याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण याच बाबतीत परदेशी व्हिडिओ आपल्याला फसवतात. ते बर्च आणि मेपल सांगतात, ते आपल्याकडे कुठून आणायचं?

आंबा नवशिक्यासाठी चांगला. मऊ, सहज मिळणारा. दोन खोडी आहेत. ताज्या सालीचा चीक कातडीला चावतो, काहींच्या हातावर पुरळ उठतं, तेव्हा साल काढताना जुने हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा. दुसरं, पावसाळ्यात तसाच पडून राहिला तर आठवड्याभरात निळसर काळे डाग पडतात आणि पाठोपाठ भुंगा लागतो. आणला की लगेच कामाला घ्या.

माझं सगळ्यांत लाडकं लाकूड पेरूचं. बंगल्यांच्या मागच्या अंगणात पेरू असतोच आणि दर एक-दोन वर्षांनी कोणीतरी तो छाटतंच. दाट, बारीक पोताचं, ओलं असताना चाकूला लोण्यासारखं आणि वाळलं की शिंगासारखं. उलथण्याची कड पेरूची असेल तर वर्षानुवर्षं झिजत नाही. फांद्या मात्र क्वचितच जाड मिळतात आणि वाळताना पिळवटतो, म्हणून दोन-चार फाका जास्त करून ठेवा.

फणस सुंदर, पिवळाधमक, हळूहळू मधासारखा तपकिरी होत जातो. जांभूळ आणि बाभूळ टिकाऊ पण कडक, सहा महिने हात बसल्यावर घ्या. बाभळीत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर, ओली असताना लोखंडी पातं लागलं की निळी-काळी शाई उतरते. घाबरू नका, बोटांवरचा डाग लिंबाने जातो. चिंचेचं आतलं गडद लाकूड म्हणजे खाटकाचा ओंडका ज्याचा करतात तेच. ज्यावर वर्षभर सुरा आपटतो ते तुमच्या चाकूला दाद देईल का? बाहेरचं फिकट लाकूड मात्र कोरता येतं. कडुनिंब कोरायला बरा, पण त्याचा कडवटपणा मला तरी खिरीत जाणवतो. रस्त्याकडेचा रेन ट्री रंगाला देखणा, पण त्याचे तंतू एका थरात उजवीकडे आणि पुढच्या थरात डावीकडे वळलेले असतात. कुठूनही चाकू लावा, कुठेतरी उलटाच पडणार.

हात लावू नये अशी झाडंही सांगून ठेवतो. कण्हेर विषारी आहे, पान-फूल-लाकूड सगळं, तिची साधी काडीसुद्धा स्वयंपाकघरात नको. आपल्या टेकड्यांवर भरमसाठ वाढलेलं गिरिपुष्प, ज्याला उंदीरमारी म्हणतात, त्याच्या नावातच सगळं आलं. पांढरा चाफा, शेर, रुई, जे जे दुधाळ चिकाचं आहे ते टाळा. फणसालाही चीक असतो हे मला ठाऊक आहे, पण त्याची फळं आपण खातो. माझा ढोबळ नियम हाच: ज्याचं फळ खातो त्याचं लाकूड ताटाजवळ आणायला हरकत नाही. ज्या झाडाचं नाव ठामपणे सांगता येत नाही त्याचा चमचा करायचा नाही.

जुन्या वाड्यांचं सागवान स्वस्तात मिळतं म्हणून बरेच जण विचारतात. त्यावर कुठल्या काळातला कुठला रंग आहे, वाळवीसाठी काय काय पाजलंय, कोण सांगणार? शिवाय सागात वाळूचाच अंश असतो, सिलिका, तो धार खातो. चाकणकडून येणारी पॅकिंगची पॅलेट घेणार असाल तर तिच्यावरचा शिक्का वाचा. ‘एचटी’ म्हणजे नुसती उष्णता दिलेली, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूचा धूर दिलेली. दुसरी घरात आणूच नका. पहिलीसुद्धा वाळलेली आणि खिळ्यांनी भरलेली असते, त्यापेक्षा पेरूची वाट बघावी.

आणि उभ्या झाडाची फांदी ‘एवढीशीच तर आहे’ म्हणून स्वतः तोडायची नाही. शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे, परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडून घ्यावी लागते. पडलेल्या फांद्या आणि पावसाळ्यापूर्वीची छाटणी यांतून एका माणसाला दहा वर्षं पुरेल एवढं लाकूड मिळतं. सोसायटीच्या माळ्याशी गोड बोलून ठेवा, बस्स.

आता चाकू. भाजीची सुरी पातळ असते, लाकडात दाबली की लवते आणि निसटते. ती लवणारी सुरी तुमचा अंगठा सोडून गेली हे नशीब समजा. हवं ते पातं आखूड, न लवणारं आणि दोन्ही बाजूंनी सपाट उताराचं. लांबी ६ ते ८ सेंटिमीटर पुरे. स्वीडनच्या मोरा गावचे चाकू ऑनलाइन मिळतात, त्यातला १२० नंबरचा आखूड पात्याचा मी तुम्हाला सुचवेन. पैसे घालायचे नसतील तर आमच्या शॉपफ्लोअरचा उपाय आहे: पॉवर हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या यंत्रकरवतीचं, तुटलेलं पातं ग्राइंडरवर घासून, आंब्याच्याच दांड्यात बसवून केलेला चाकू. माझा पहिला तसाच आहे आणि अजून चालतो. मात्र घासताना पातं पाण्यात बुडवत राहा.

चाकूपेक्षा धारेवर खर्च करा. बोहरी आळीत दोन बाजूंचा दगड मिळतो, एक खरबरीत आणि एक बारीक. शिवाय जुना चामडी पट्टा एका सपाट पट्टीवर चिकटवा आणि त्यावर बफिंगची हिरवी वडी चोळा. दर वीस मिनिटांनी पातं या पट्ट्यावर दहा-पंधरा वेळा मागे ओढायचं, नेहमी मागे, पुढे ढकललंत तर चामडं कापलं जाईल. धार आली का, हे केस कापून बघू नका. मऊ लाकडाच्या आडव्या टोकावर एक काप घ्या. कापलेली जागा चकचकली तर धार आहे, पांढरट आणि कुसळांची दिसली तर पुन्हा पट्ट्यावर. कान तयार झाला की आवाजही सांगतो. धारदार चाकू ओल्या लाकडात काकडी सोलल्यासारखा कुरकुरतो आणि बोथट चाकू गप्प असतो.

पुढचा चमचा करू नका. उलथणं करा. हे नव्वद टक्के लोकांना पटत नाही, कारण चमचा दिसायला गोड. पण चमच्याच्या वाटीसाठी वाकडा चाकू लागतो किंवा गोल पटाशी, वाटीच्या आत तंतू चारही बाजूंनी दिशा बदलतात, आणि वाळताना सगळे ताण तिथेच येतात. आपल्या लोकांनी हा प्रश्न किती सोपा करून टाकला होता बघा: कोकणातली डवली म्हणजे नारळाची करवंटी आणि त्यात अडकवलेली काठी. खोलगटपणा झाडानेच करून दिलेला, माणसाने फक्त दांडा लावायचा. लाटणंही चाकूने करायला जाऊ नका. ते कातकामाचं, चरकावरचं, म्हणजे लाकूड गोल फिरवून कातायच्या लेथवरचं. तुळशीबागेत जा, निवडून आणा.

उलथण्यासाठी मनगटाएवढी नको, चांगली दंडाएवढी जाड, सरळ, बिनगाठीची फांदी घ्या, वीतभर आणि वर चार बोटं लांब. कोयत्याची धार टोकावर मधोमध ठेवायची आणि कोयत्याच्या पाठीवर लाकडी मोगरीने ठोकायचं. हातोडीने नाही, कोयत्याची पाठ चेपते. फांदी आपल्या तंतूंच्या रेषेवर फुटते, करवतीसारखी कुठूनही नाही, म्हणून फाडलेला तुकडा कापलेल्यापेक्षा मजबूत. गाभा टाका, तळहाताएवढी रुंद आणि बोटभर जाड फळी राहील.

आकारासाठी एक युक्ती. जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा घ्या, तुमच्या नेहमीच्या कढईत उभा धरा आणि पुढची कड कढईच्या गोलाईला बसेपर्यंत कात्रीने थोडी थोडी कापत जा. ज्या कढईत रोज फोडणी पडते तिच्याच मापाचं उलथणं बाजारात मिळत नाही, चाकू हातात घेण्याचं माझं निम्मं कारण तेच आहे. डावखुरे असाल तर तिरकी कड उलट्या बाजूला काढा. पुठ्ठा फळीवर ठेवून पेन्सिलीने आखा.

बसायचं कसं ते महत्त्वाचं. स्टुलावर बसा, कोपरं गुडघ्यांवर टेकवा, काम गुडघ्यांच्या पुढे. मांड्यांमध्ये धरून कोरायचं नाही, मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते. हात पूर्ण लांब करून चाकू फिरवला तर जिथवर पोचेल तिथवर कोणी नको, मांजरसुद्धा नको.

तीन हालचाली पुरतात. पहिली, चाकू धरलेला हात स्थिर, आणि लाकूड धरलेल्या हाताच्या अंगठ्याने पात्याची पाठ पुढे ढकलायची. पातं जेमतेम दोन सेंटिमीटर सरकतं, निसटायला जागाच नसते. दुसरी बटाटा सोलल्यासारखी, स्वतःकडे ओढून, अंगठा लाकडाच्या टोकाच्या खाली लपवून. तिसरी हालचाल आपल्या बायकांना कोणी शिकवायची गरज नाही. विळीवर भाजी चिरताना पातं थांबलेलं असतं आणि भाजी पुढे जाते, हो ना? तसंच करायचं. चाकूचा हात उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला घट्ट टेकवायचा, पातं पुढे तोंड करून थांबलेलं, आणि डाव्या हाताने लाकूड आपल्याकडे मागे ओढायचं. पातं हलत नाही, लाकूड हलतं. लांब, सपाट ढलप्या निघतात. माझ्याकडे शिकायला आलेल्यांत ज्या आज्जी विळीवर वाढल्या त्यांना ही हालचाल पाच मिनिटांत आली आणि इंजिनिअर मंडळींना दोन रविवार लागले.

दिशा कशी ओळखायची? उसाच्या पानावरून बोट एका बाजूने फिरवलं तर काही होत नाही, उलटं फिरवलं तर कापतं. लाकूडही असंच एकमार्गी. उलथण्याचं पातं रुंद आहे आणि मानेपाशी अरुंद होतं, तिथे नेहमी रुंदीकडून अरुंदीकडे, उतारावरून खाली यावं. चढावर चाकू लावला की तो तंतूंच्या मध्ये शिरतो आणि फाडत नेतो. मानेच्या सगळ्यांत खोल जागी दोन्हीकडचे उतार भेटतात. तिथे एका बाजूने या, थांबा, लाकूड फिरवा, दुसऱ्या बाजूने या. घाई करायची जागा ती नव्हेच. मी तिथेच घाई केली होती, पाहुणे जेवायला येणार होते आणि मला उलथणं त्यांना दाखवायचं होतं. पाहुणे आले तेव्हा मी दवाखान्यात होतो, डाव्या अंगठ्याला चार टाके. तेव्हापासून अंगठ्याला कापडी चिकटपट्टीचे दोन वेढे घेतल्याशिवाय मी बसत नाही.

मापं ढोबळ सांगतो. ओलं असताना दांडा दोन सेंटिमीटर रुंद आणि दीड जाड, मान सव्वा सेंटिमीटरपेक्षा पातळ नको, पातं कडेकडे उतरत चार मिलिमीटरवर आणून थांबा. शेवटचा हात वाळल्यावर.

आता वाळवणं, जिथे तुमचा चमचा गेला. अर्धवट झालेलं उलथणं त्याच्याच ओल्या ढलप्यांसकट वर्तमानपत्रात सैल गुंडाळा आणि कपाटाच्या खालच्या खणात ठेवा. ऊन नाही, पंखा नाही, ओट्यावर गॅसशेजारी तर नाहीच. ढलप्या स्वतः वाळतात तोवर उलथण्याभोवतीची हवा दमट ठेवतात. दोन दिवसांनी ढलप्या काढून टाका. किती दिवस ठेवायचं हे कॅलेंडर बघून ठरवू नका, स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. परवाचं माझं पेरूचं उलथणं पहिल्या दिवशी १३८ ग्रॅम होतं, चौथ्या दिवशी ११२, आठव्या दिवशी ९९, नंतर सलग तीन दिवस ९७. वजन थांबलं म्हणजे वाळलं. उन्हाळ्यात हे आठ-दहा दिवसांत होतं. श्रावणात तीन आठवडेही लागतात आणि वर बुरशीची पांढरी लव येते. पावसाळ्यात मी कोरून झालेली वस्तू जुन्या पातेल्यात अर्धा तास उकळून मग गुंडाळतो, लव फार कमी येते.

उरलेल्या फांदीचं काय? दोन्ही टोकांना फेविकॉलचा जाड थर द्या किंवा वितळलेलं मेण लावा आणि सावलीत ठेवा. फाडलेल्या फाका बादलीभर पाण्यात बुडवूनही महिनाभर ओल्या राहतात. मात्र झाकण ठेवा आणि पाणी आठवड्याच्या आत बदला, नाहीतर चमच्याआधी डेंग्यूचे डास तयार होतील आणि सोसायटीचे सेक्रेटरी तुमच्या छंदावर ठराव आणतील.

वाळल्यावर पातं पुन्हा धारदार करून पातळ, लांब कापांनी सगळा पृष्ठभाग एकदा काढायचा आणि पुढची कड दोन मिलिमीटरवर आणायची. पॉलिश पेपर लावावा का? लावा, पाप नाही. पण कागदाने घासलेलं लाकूड पहिल्यांदा पाण्यात गेलं की केस उभे राहिल्यासारखं खरखरीत होतं. म्हणून आधी ओलं करून, वाळवून, मग शेवटचा हात फिरवा. मी चाकूवरच थांबतो. कापाच्या बारीक पैलूंवर प्रकाश पडतो तो मला आवडतो, बाकी काही कारण नाही.

तेलाबद्दल मात्र मी हट्टी आहे. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं, खोबऱ्याचं तेल लावू नका. शेंगदाण्याचं आणि खोबऱ्याचं वाळतच नाही, सूर्यफुलाचं अर्धवट वाळून चिकट होतं, आणि सगळी पुढेमागे खवट होतात. जवसाचं तेल हवेतल्या प्राणवायूने घट्ट होतं, त्याची पातळ कातडी बनते. लाकडी घाण्याचं, खायचं जवस तेल घ्या. रंगाच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड लिनसीड’ तेच वाटतं पण ते लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात, ते खिडकीच्या चौकटीला ठीक. बोटाने पातळ चोळा, अर्ध्या तासाने जादा पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा, असे तीन हात. मग तीन आठवडे खिडकीत टांगून विसरून जा. एक गंभीर सूचना: तेल पुसलेलं फडकं चुरगळून कचऱ्यात टाकू नका. जवस तेल वाळताना तापतं आणि बोळ्यात ती उष्णता कोंडून फडकं आपोआप पेटू शकतं. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर पसरून वाळवा. इतका व्याप नको असेल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन आणा. ते वाळत नाही पण खवटही होत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा चोळावं लागतं. दुकानदार पोटाची तक्रार विचारेल, कारण ते रेचक म्हणून विकलं जातं.

हळदीचे डाग पडणारच. धुऊन तासभर कोवळ्या उन्हात ठेवलं की बरेच फिके होतात, हळदीचा रंग उजेडाला टिकत नाही. तेवढंच काय ते ऊन. बाकी रात्रभर खरकट्याच्या टबात बुडवून ठेवायचं नाही, डिशवॉशरमध्ये तर नाहीच. घासून, पुसून, उभं ठेवायचं.

मुलाला अवश्य बसवा. पण पहिल्या दिवशी लाकूड देऊ नका, अंघोळीच्या साबणाची वडी आणि आखूड, फार धार नसलेली सुरी द्या. मग गाजर. मग पेरूची ओली फाक आणि खराखुरा धारदार चाकू, तोही फक्त अंगठ्याने ढकलायच्या हालचालीसाठी. तुम्ही शेजारी बसायचं, समोर नाही, म्हणजे त्याचे हात तुम्हाला तुमच्या हातांसारखे दिसतील. त्याच्या हातात चाकू असेल तेव्हा तुमच्या हातात फोन नको. अर्ध्या तासाने, तो नको म्हणाला तरी, थांबवायचं. मुलं बहुतेक दमल्यावर कापून घेतात.

आणि तो तडकलेला चमचा अजून असेलच. टाकू नका. चीर जिथे संपते तिथे करवतीने कापा. दांड्याचा जो वीतभर तुकडा शाबूत उरेल तो आता पूर्ण वाळलाय, त्याची एक बाजू पातळ करत नेली की लोणी पसरायची सुरी होते. वाळलेला आंबा किती कडक लागतो तेही त्यात कळेल. त्या तुकड्यावर नवीन चाकूची धार तपासा आणि सोसायटीत अजून ओली फांदी उरली असेल तर आज संध्याकाळीच तिच्या टोकांना फेविकॉल लावा.